ओसरीवरच्या गप्पा : हसण्याचं कलम



2019 च्या मे महिन्यातली गोष्ट. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला होता, द्राक्षाची खरड छाटणी आटोपली होती. दुपारचं ऊन असं, की ओसरी सोडून बाहेर पडायची सोय नाही. आमचा नातू टीव्हीपुढं ठाण मांडून खदाखदा हसत होता. डोकावून पाहिलं, तर चित्रातली शाळकरी पोरं एकमेकांच्या खोड्या काढत होती. नावं कानावर पडली : गोपाल, माधव, लकी, लक्ष्मण.

"अरे, यांना मी ओळखतो की!" मी म्हटलं.

"तुम्ही कसे ओळखता, आबा?"

"तुझा बाप कॉलेजात होता तेव्हापासून ओळखतो."

रोहित शेट्टी यांचा 'गोलमाल' सिनेमा 2006 साली आला. त्यातलीच ही नावं. ते चौघे होते बिनकामाचे तरुण. एका आंधळ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बंगल्यात, त्यांचा नातू असल्याची बतावणी करून घुसलेले. त्यांचीच लहानपणं करून सोनिक वाहिनीवर 13 मे 2019 पासून 'गोलमाल ज्युनिअर' सुरू झालं होतं.

चित्रं चालवण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही बरं का. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. 1915 साली त्यांनी आगकाड्यांनाही पडद्यावर नाचवलं. तेव्हा विद्येचं नवल नाही. मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. गाजलेला विनोदी सिनेमा चित्रात नेला, की त्यातलं हसू सोबत जातं का?

याचं उत्तर शोधताना मला अमेरिकेतल्या एका शेतकरी मुलखाची हकिगत कळली. आयडाहो हे तिथलं बटाट्याचं राज्य. त्यातल्या प्रेस्टन या गावी 'नेपोलियन डायनामाइट' नावाचा सिनेमा काढला, तो 2004 साली लोकांपुढं आला. खर्च चार लाख डॉलर, म्हणजे तिकडच्या मानानं चिल्लर. त्याचा नायक कुरळ्या केसांचा, चष्मेवाला, एकलकोंडा पोरगा. कुक्कुटपालनाच्या शेडवर कोंबड्या धरायच्या कामाला जातो आणि मजुरी म्हणून मूठभर नाणी घेऊन येतो. शाळेच्या दूध पारखण्याच्या स्पर्धेत एक घोट घेऊन सांगतो, की ही गाय कांद्याच्या वावरात शिरली होती! गाईनं कांदा खाल्ला की दुधाला वास येतो, हे निफाडकरांना कुणी सांगायला नको.

सिनेमात फारसं काही घडत नाही. पोरगा नुसता उभा राहतो, उसासा टाकतो, आणि लोक पोट धरून हसतात. इतकं प्रेम मिळालं, की 2005 साली आयडाहोच्या विधिमंडळानं ठराव करून सिनेमाचं कौतुक केलं.

मग जानेवारी 2012 मध्ये फॉक्स वाहिनीवर त्याची चित्रमालिका आली. मूळच्याच नटांचे आवाज, नावं तीच, गाव तेच. तरी सहा भाग झाले आणि मार्चमध्ये खेळ आटोपला.

वाहिनीवाल्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. मला मात्र आपल्या बागेतलं कलम आठवलं. डॉगरिजच्या खुंटावर आपण थॉमसनची काडी बसवतो. काडी कितीही जातिवंत असो, खुंटात रस चालू नसेल तर ती वाळते. विनोदाचंही तसंच असावं. त्याच्या खाली कुणाची तरी खरी अडचण असते. तिचा रस वर चढतो, तेव्हा हसू फुटतं. त्या पोराची अडचण होती एकटेपण. खेड्यातल्या मुलाचं, मित्र नसलेलं, संथ आयुष्य. चित्रात काहीही घडवता येतं, म्हणून तिथं त्याला मारामारीच्या आखाड्यातसुद्धा उतरवलं. धावपळ वाढली, आणि ते संथपण हरवलं.

'गोलमाल'च्या पोरांना मात्र शाळेचा नवा खुंट मिळाला. निवारा शोधण्याची मोठ्यांची अडचण गेली, तिच्या जागी वर्गातली चढाओढ आणि मास्तरांचा धाक आला. ही अडचण लहानांची स्वतःची. म्हणून नातू मनापासून हसत होता.

आणखी एक दाखला आपल्या घरचा. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' 1966 साली आला. तो फारसा चालला नाही. त्याच कथेवर सचिन पिळगावकरांनी 1988 साली 'अशी ही बनवाबनवी' काढला, संवाद वसंत सबनीसांचे. पुण्यात खोली मिळेना म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं! मराठी माणसानं भाड्याच्या खोलीपायी काय काय सोसलंय, ते प्रेक्षकाला ठाऊक होतं. कलम असं धरलं, की अजून घड लागतायत.

त्याच सुट्टीत नातवाला मी 'बनवाबनवी' दाखवला. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आले, तेव्हा तो हसून लोळला. मग एकदम गप्प होऊन म्हणाला, "पण आबा, त्यांना घर का नाही देत कुणी?"

मी त्याला सांगितलं. त्याचा बाप नाशिकला शिकायला गेला, तेव्हा खोलीसाठी आम्ही दोघं दारोदार कसे फिरलो, तेही सांगितलं. सूनबाई चहाचा कप हातात धरून दारातच उभी राहिली. तिला ही हकिगत नवीन होती. मुलगा मान खाली घालून हसत होता.

पोरांची चित्रं बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्यांचं हसू त्यांना लखलाभ. पण आठवड्यातून एखादी संध्याकाळ आपल्या हसण्याची काडी त्यांच्या खुंटाला बांधून बघा. आणि त्यांनी "का?" विचारलं, तर ओरडू नका. रस चढायला लागल्याची तीच खूण.