कापसाचा खटला

जागतिक व्यापार संघटनेत सुधारणा हवी, असं हल्ली सगळेच म्हणतात. त्यांनी आधी ब्राझीलच्या कापसाची गोष्ट ऐकावी.

अमेरिकेच्या अनुदानांमुळे जगात कापसाचे भाव पडतात, अशी फिर्याद ब्राझीलनं २००२ मध्ये केली. २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. अमेरिका तरी बधेना, तेव्हा तिच्या मालावर जादा कर लावण्याची मुभा ब्राझीलला मिळाली. त्यावर २०१० मध्ये जी तडजोड निघाली, तिला तोड नाही. ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं अमेरिकेनं कबूल केलं. घरच्या शेतकऱ्याचं अनुदान तोडायला नको, म्हणून शेजारच्यालाही पगार! २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी अमेरिकेनं कापूस मुख्य अनुदान यादीतून काढून विम्याकडे वळवला खरा, पण २०१८ मध्ये तो परत आला. पूर्वी अनुदान रुईच्या नावानं होतं, आता सरकीसकट कापसाच्या नावानं. जिनिंगवाल्याला विचारा, दोन्ही एकाच बोंडातले.

बेनिन आणि चाड या खटल्यात तिऱ्हाईत पक्ष होते. त्यांच्या पदरी काय पडलं? काही नाही. हे दोघे, माली आणि बुर्किना फासो यांनी २००३ मध्ये संघटनेच्या कानकुन परिषदेत कापसाचं गाऱ्हाणं मांडलं होतं. तिथल्या मसुद्यातून सल्ला मिळाला तो कापसापलीकडचे उद्योग शोधण्याचा. स्वतंत्र दावा लावून चाड जिंकला असता, तरी अमेरिकन मालावर कर बसवून तो तिचं काय वाकडं करणार होता? ज्याची बाजारपेठ मोठी, त्याचीच धमकी चालते. म्हणून भरपाई रोख हवी, आणि ती फिर्यादीपुरती न ठेवता झळ बसलेल्या प्रत्येक देशाला द्यायला हवी. बाकी सुधारणा मागाहून.

कापूस शेतकऱ्याच्या बाबतीत आपणही फार सोवळे नाही. २०१२ मध्ये कापसाची निर्यात रोखली ती दिल्लीनं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयात शुल्क उठवलं तेही दिल्लीनंच, विदर्भात वेचणी तोंडावर असताना.

पण बेनिनचं काय? संघटनेचं अपील ऐकणारं जिनिव्हातलं पीठ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नव्या नेमणुका अमेरिकेनं अडवल्या. बेनिननं आज अमेरिकेविरुद्ध फिर्याद केली आणि तो जिंकलाच, तर अमेरिका अपील करेल. ते ऐकायला जिनिव्हात कोणी नाही.