विश्लेषण : चार निकेल खाणी बंद, पाचवी सुरूच... ‘राजा अम्पात’चे प्रवाळ वाचतील का?

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, पापुआच्या किनाऱ्यालगत असलेल्या राजा अम्पात द्वीपसमूहातील पाचपैकी चार निकेल कंपन्यांचे परवाने सरकारने जून 2025 मध्ये रद्द केले. समाजमाध्यमांवरील मोठ्या मोहिमेनंतर झालेल्या या निर्णयाचे स्वागतही झाले. मात्र गाग बेटावरील पाचव्या खाणीला धक्का लागला नाही. हे बेट युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, असे सरकार सांगते. कागदावर ते बरोबर आहे. पण समुद्रातील मासे आणि माती ही हद्द पाळतात का, हा खरा प्रश्न आहे.

एवढे काय आहे राजा अम्पातमध्ये?

‘राजा’ हा शब्द आपल्या ओळखीचाच. ‘अम्पात’ म्हणजे चार. वायगेओ, बातान्ता, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटे आणि त्यांच्याभोवती विखुरलेली दीड हजारांहून अधिक लहान बेटे मिळून हा द्वीपसमूह होतो. कठीण प्रवाळांच्या 550 हून अधिक प्रजाती येथे नोंदल्या गेल्या आहेत. जगातील ज्ञात प्रजातींच्या त्या सुमारे तीन चतुर्थांश आहेत. मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी 2012 मध्ये क्री बेटाजवळ पाण्याखाली एकच बुडी मारून माशांच्या 374 प्रजाती मोजल्या होत्या.

हा समुद्र ‘प्रवाळ त्रिकोणा’चा भाग आहे. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि तिमोर-लेस्ते या सहा देशांचे पाणी त्यात येते. या देशांनी एकत्र नियोजन करावे, असा प्रस्ताव इंडोनेशियाचे तत्कालीन अध्यक्ष सुसिलो बामबांग युधोयोनो यांनी 2007 मध्ये मांडला आणि मे 2009 मध्ये मनाडो शहरात सहा देशांच्या करारावर सह्या झाल्या. म्हणजे शेजाऱ्यांना ‘समुद्र सगळ्यांचा आहे’ हे समजावून सांगणारा देश इंडोनेशियाच होता.

एकेक बेट वेगळे राखून का चालत नाही?

प्रवाळ जागचे हलत नाहीत, पण त्यांची पिल्ले हलतात. प्रवाळ आणि बहुतेक प्रवाळमासे अंडी-बीज पाण्यात सोडतात. त्यातून निघालेले अळ्यांसारखे जीव काही दिवस किंवा आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि अनुकूल जागा मिळाली की स्थिरावतात. एखादे बेट कितीही नीट जपले, तरी तिथली पुढची पिढी दुसऱ्याच बेटावरून आलेली असू शकते.

हे अंतर किती, याचे एक चांगले उत्तर पापुआ न्यू गिनीतील मानुस बेटाजवळ मिळाले. तेथील एका जातीच्या हेकरू माशांची पिल्ले आणि त्यांचे पालक यांचे नाते जनुकीय चाचणीने जुळवण्यात आले. निम्मी पिल्ले जन्मस्थळापासून 14 किलोमीटरच्या आत स्थिरावतात, असा अंदाज 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून निघाला. उरलेली त्याहून लांब जातात. म्हणूनच नियोजनकार एकच मोठे अभयारण्य न आखता ठरावीक अंतरावर अनेक संरक्षित पट्टे आखतात. एका पट्ट्यावर वादळ आले, पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, तर दुसऱ्यातून बीज येते. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला ‘बॅकअप’ म्हणता येईल.

राजा अम्पातमध्ये 2007 पासून असेच जाळे उभे राहिले. त्याचा पाया मात्र सॅटेलाइट नकाशांपेक्षा जुना आहे. गावाने ठरवून समुद्राचा एखादा भाग काही काळ मासेमारीसाठी बंद ठेवण्याची ‘सासी’ ही प्रथा येथे आधीपासून होती. मिसूलमधील कापातकोल गावात तर बायकांचा गटच सासी राखतो. स्थानिक गस्तीमुळे बाहेरच्या चोरट्या मासेमारी नौका कमी झाल्या, मासे वाढले. 2022 मध्ये या जाळ्याला ‘ब्लू पार्क’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मग खाणी आल्या कुठून?

जमिनीवरून. समुद्राचा नकाशा एका खात्याने रंगवला, खाणीचे परवाने दुसऱ्या खात्याने दिले.

येथील निकेल खोल बोगद्यात नाही, तर लाल जांभ्यासारख्या मातीच्या वरच्या थरांत असते. ते काढायचे तर आधी जंगल काढावे लागते. उष्ण कटिबंधातला पाऊस उघड्या उतारावर पडला की माती ओढ्यांतून थेट प्रवाळांवर उतरते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसते. पाणी गढूळ झाले की हे स्वयंपाकघर बंद. गाग, कावे आणि मानुरान या तीन बेटांवर 500 हेक्टरहून अधिक जंगल आणि झाडोरा नष्ट झाल्याचे ‘ग्रीनपीस’चे म्हणणे आहे.

इंडोनेशियाच्या कायद्यानुसार 2,000 चौरस किलोमीटरपेक्षा लहान बेट हे ‘लहान बेट’ ठरते आणि तेथील खाणकामावर कडक निर्बंध आहेत. एका खाण कंपनीने त्याला दिलेले आव्हान घटनात्मक न्यायालयाने मार्च 2024 मध्ये फेटाळले. गाग बेट जेमतेम 65 चौरस किलोमीटरचे. तरीही खाण चालते, कारण तिचा मूळ करार 1998 चा आहे आणि संरक्षित वनात खाणकामाची मुभा मिळालेल्या 13 कंपन्यांच्या 2004 च्या यादीत तिचे नाव आहे. ही कंपनी सरकारी मालकीच्या ‘अंताम’ची उपकंपनी आहे, हेही नजरेआड करता येत नाही.

‘30-40 किलोमीटर दूर’ हा युक्तिवाद टिकतो का?

गाग हे पियानेमो या प्रसिद्ध पर्यटनस्थळापासून सुमारे 30 ते 40 किलोमीटरवर आहे, असे ऊर्जामंत्री बहलील लहादालिया यांनी सांगितले होते. पर्यटकाच्या दृष्टीने हे अंतर पुरेसे आहे. त्याच्या फोटोत खाण येणार नाही. पण माशांच्या पिल्लांच्या हिशेबात हा एक-दोन टप्प्यांचा प्रवास आहे. गागचे प्रवाळ मातीखाली गेले तर तेथून निघणारे बीज थांबेल आणि येणाऱ्याला जागा उरणार नाही. सरकारने अंतर पर्यटनस्थळापासून मोजले, प्रवाळापासून प्रवाळापर्यंत मोजले नाही. चूक तिथे आहे.

भारतात ही चूक अनोळखी नाही. ग्रेट निकोबारमधील प्रकल्पासाठी तुटणाऱ्या जंगलाची भरपाई करणारी झाडे हरियाणात लावण्याचे ठरले. झाडांची संख्या त्यातून जुळेलही. हरियाणातील झाड निकोबारच्या किनाऱ्यावरची माती धरून ठेवणार नाही.

गागमधील प्रश्न तितका सरळही नाही. मंत्री बेटावर गेले तेव्हा काही रहिवाशांनी खाण बंद करू नका, अशीच मागणी केली. त्यांचा रोजगार तिथे आहे. गेस्ट हाऊस आणि बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांचा पैसा इतर बेटांवर पोहोचला, गागपर्यंत नाही. प्रवेश शुल्कातला वाटा, गस्तीच्या नोकऱ्या हे सारे आराखड्यात गागसाठीही मांडले गेले असते, तर ही मागणी कदाचित वेगळी असती. तो आराखडा अजून करता येतो. मात्र गागच्या खाणीचा परवाना 2047 पर्यंतचा आहे आणि पाऊस तिथे वर्षभर पडतो.