करारावर सही करण्याआधी गच्चीचा भार विचारा

पुण्यात ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, त्या सगळ्यांना कळकळीची विनंती. वाढीव चटईक्षेत्र, कॉर्पस, घरभाडं यांवर जरूर भांडा. पण गच्ची, माती आणि ओला कचरा यांचा निकालही याच बैठकांत लागतो, आणि तो पुढच्या पिढीलाही फिरवता येत नाही.

गच्चीचंच घ्या. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 150 किलोचा वापरभार धरून आखतात. तेवढ्याच जागेत फूटभर ओली माती 500 किलोच्या आसपास भरते! पालापाचोळ्याचे वाफे हलके असतात, पण पाणी धरल्यावर तेही जड होतातच. म्हणून घर ताब्यात आल्यावर 'आता वर मेथी-पालक लावू' म्हणणं धोक्याचं आहे. वाफे कुठे, भार किती, वॉटरप्रूफिंग कोणतं, निचरा कुठून, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच सांगा. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली वाफ्यांचं ऊन अडवणार नाहीत, हेही नकाशात बघा. नीट आखलेल्या हिरव्या गच्चीखाली वरच्या मजल्याची घरंही उन्हाळ्यात कमी तापतात.

तळमजल्याचं दुखणं वेगळं. पार्किंगसाठी कुंपणापर्यंत खोदलं की पाऊस मुरायला जमीन उरत नाही. जुना शेवगा, कढीपत्ता, नारळ जातात आणि पोडियमवर शोभेचे पाम येतात. एक कोपरा न खोदता ठेवा, अशी अट घाला.

ओल्या कचऱ्याच्या खताची जागाही नकाशावर हवी. सासवड रस्त्याने पुरंदरचा वाटाणा आणि अंजीर आपल्याकडे येतात. आपला कचरा मात्र वर्षानुवर्षं त्याच रस्त्यावरच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी गेला. तिथल्या लोकांनी त्याविरुद्ध किती आंदोलनं केली! आपलं खत आपल्या वाफ्यांत जिरवू, उरलेलं शेतकऱ्याला देऊ. फाटकाशी एक छपराचा ओटा ठेवला, तर तोच शेतकरी आठवड्यातून एकदा थेट भाजी विकू शकेल.

पुनर्विकासाच्या ठरावाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. विशेष सभेच्या नोटिशीची वाट बघू नका. शेजारच्या चार घरांना सोबत घ्या, या मागण्या लेखी लिहून कमिटीला द्या आणि पोच घ्या. 'नंतर बघू' हे तोंडी आश्वासन स्वीकारू नका. जे करारनाम्यात आणि मंजूर नकाशात नाही, ते इमारतीत येणार नाही.