पडद्याला प्रश्न विचारता येतो का?



शिक्षणासाठी दूरसंचार कसा वापरावा, यावर देशोदेशी परिषदा भरतात. आपल्या देशानं हा प्रयोग केव्हाच करून पाहिला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवली गेली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचा विजापूर जिल्हा होता. सकाळी शाळेची पोरं, संध्याकाळी मोठी माणसं. आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री! संच बिघडला तर दुरुस्तीची सोय आधीच लावलेली होती. मला तर उपग्रहापेक्षा हेच मोठं वाटतं.

उणीव एकच, पडद्याला उलट प्रश्न विचारता येईना. गुजरातेत खेडा जिल्ह्यात मात्र इस्रोच्या मंडळींनी गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढे आणलं. अडचणी त्यांच्या, भाषाही त्यांची.

हे सांगायचं कारण असं, की ऊस विकासाचं मार्गदर्शन मोबाईलवर चित्रफितीनं द्यावं आणि गटसभा बंद कराव्यात, अशी सूचना पुढं आली आहे. माझा तिला विरोध आहे. चित्रफिती जरूर पाठवू. पण ऊस पिवळा पडला की शेतकरी बेट उपटूनच आणतो, "साहेब, हे बघा" म्हणतो. मुळं हुमणीनं खाल्ली की पाणी साचून कुजली, हे बेट हातात घेतल्याशिवाय मलासुद्धा सांगता येत नाही.

वार्षिक सभेत हा विषय निघेल तेव्हा गप्प बसू नका. गटसभा निदान जून ते सप्टेंबर तरी चालू राहिल्या पाहिजेत.