पिशवी कोणाची?

ग्रामीण महाराष्ट्रात गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात, आणि ‘पिशवी काढली’ हे वाक्य तेथे दात काढल्याच्या सहजतेने उच्चारले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या तोंडचे ते वाक्य २०१९ साली शहरांपर्यंत पोहोचले, तेव्हा आपला सुशिक्षित वर्ग काही काळ हादरला. उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या जोडप्यातील बाई पाळीच्या दिवसांत फडात उतरली नाही, की मुकादम खाडा धरतो. पोटात कळा येतात, अंगावरून जाते, अशी तक्रार घेऊन ती दवाखान्यात गेली, की कर्करोगाची भीती घालून पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतील अनेकींनी वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. एवढ्या शस्त्रक्रिया होत असताना ‘तुझे वय लहान आहे, विचार कर’ असे त्यांना किती डॉक्टरांनी सांगितले असेल?

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे माझा एक माजी विद्यार्थी. तो आता २४ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो आणि दोन वर्षांपासून हीच शस्त्रक्रिया मागतो आहे. त्याला मात्र ती मिळत नाही.

‘तो’ हे सर्वनाम मी जाणीवपूर्वक वापरतो. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर त्याचे नाव मुलींच्या यादीत होते. महिन्यातून दोन दिवस ते नाव हाकेला उत्तर देत नसे, आणि वर्गशिक्षक या नात्याने मी ‘वारंवार गैरहजर’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता. त्या दोन दिवसांत ते मूल घरी गुडघे पोटाशी घेऊन पडलेले असे, आणि दुखण्याइतकाच दुसरा एक घोर त्याच्या मनाला लागलेला असे, हे मला पुढे अनेक वर्षांनी त्याच्याकडूनच कळले. शाळेने त्या विषयावर बोलण्याची सोय ठेवली नव्हती. मीही विचारले नाही.

अशा व्यक्तीला पारलिंगी पुरुष म्हणतात. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, परंतु स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा व तसा जगणारा हा माणूस असतो. ‘तृतीयपंथी’ या शब्दासरशी आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात तो कोठेच बसत नाही. म्हणून तो समाजाला दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आली. त्यामुळे हे ‘डोक्यातील खूळ’ आहे असे म्हणणाऱ्यांनी निदान वैद्यकशास्त्राचा आधार घेऊ नये.

आता त्याच्या दवाखान्यांच्या फेऱ्यांविषयी. पहिल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे तो विशीच्या आत आईबरोबर गेला. ‘लग्न होऊन एक मूल झाले की सारे थांबेल,’ हे आपल्याकडचे सनातन औषध तेथे मिळाले. पुढे त्याने दुसऱ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घेण्यास आरंभ केला. त्याने बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते, त्याचीही थांबली. पण ओटीपोटातील कळा मात्र थांबल्या नाहीत. असे होऊ शकते, आणि वैद्यकीय वाङ्मयात त्याची नोंद आहे. दाढी आलेला हा तरुण मग एका मोठ्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाबाहेर, गरोदर बायकांच्या रांगेत, केसपेपर हातात घेऊन बसला. परिचारिकेने जुने नाव मोठ्याने पुकारले आणि तो उठून उभा राहिला, तेव्हा बाकावर काय घडले असेल ते वाचकांनी कल्पावे. आतल्या डॉक्टरांनी केसपेपर दोनदा चाळला, पोटाला हात लावला नाही, आणि आईवडिलांना घेऊन यावयास सांगितले. तिसऱ्या ठिकाणी तऱ्हा अगदी उलटी. तेथे कसलीही तपासणी न करता, रोख रक्कम भरल्यास पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून देण्याची तयारी होती. मुलगा शहाणा, तो तेथून उठून आला.

न तपासता नकार आणि न तपासता होकार यांत मला फारसा फरक दिसत नाही. पाळीच्या वेदनेला कारणे असतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर वाढते तेव्हा असह्य कळा येतात; आणि दुखण्याचे मूळ तेथे असेल, तर नुसते गर्भाशय काढून वेदना जाईलच असे नाही. वेदनाशामक गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने असे उपचार शस्त्रक्रियेपूर्वीही आहेत, आणि दुर्बिणीतून तपासणी करून कारण शोधता येते. बीजकोश ठेवावे की काढावे हा तर स्वतंत्र प्रश्न आहे. दोन्ही काढले आणि पुढे काही कारणाने टेस्टोस्टेरॉन बंद पडले, तर हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. गर्भ वाढवण्याची शक्यता तर कायमची संपते. हे सर्व या मुलाला कोणा डॉक्टरने सांगितलेले नाही. त्याने ते स्वतः वाचून काढले आहे. ज्याला आपण अजाण ठरवतो त्याने एवढा अभ्यास करावा आणि ज्यांनी समजावून सांगावयाचे त्यांनी त्याला पालकांकडे परत पाठवावे, याला वैद्यकीय सावधगिरी म्हणता येणार नाही.

डॉक्टरांची बाजू मी नाकारीत नाही. ऐन तारुण्यात केलेल्या अपरिवर्तनीय शस्त्रक्रियेचा काहींना पुढे पश्चात्ताप होतो, आणि उद्या कोणी न्यायालयात खेचील ही धास्तीही खरी आहे. शिवाय बीडच्या अनुभवानंतर तेथे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली, आणि अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. हे निर्बंध हवेच होते. ते ज्या बाईसाठी आहेत, तिला कोणी विचारलेच नव्हते. त्यांचाच आधार घेऊन, विचारपूर्वक मागणी करणाऱ्याला दारातून परत लावले गेले, तर मात्र निर्बंधाचा हेतूच उलटा फिरतो. पश्चात्तापाच्या शक्यतेला उत्तर आहे ते वेळ, माहिती आणि पुनःपुन्हा केलेली चर्चा. वडिलांची सही हे त्याचे उत्तर कसे होईल?

सहीचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले होते. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा तो प्रकार थांबला. दिल्लीतील एका अविवाहित, ४४ वर्षांच्या महिलेला केवळ तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही काढण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सज्ञान व्यक्तीच्या वतीने, तातडीचा प्रसंग नसताना, आईने दिलेली संमती ग्राह्य नाही. आई ‘हो’ म्हणू शकत नसेल, तर वडील ‘नाही’ कसे म्हणू शकतात, एवढेच मला कायद्याच्या जाणकारांना विचारावयाचे आहे.

एप्रिल २०१४ च्या निकालात याच न्यायालयाने लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा मानला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असेही सांगितले. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. कितीतरी पारलिंगी पुरुषांना ही शस्त्रक्रिया नको असते आणि त्यामुळे ते उणे पुरुष ठरत नाहीत. २०१९ च्या कायद्यात शासनाने अशा उपचारांची व विम्याची तरतूद करावी असे कलम १५ मध्ये लिहिले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाचा करारही झाला. कागदावर एवढे घडले असताना जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एक डॉक्टर असा हवा, जो प्रथम दुखते कोठे ते पाहील, नोंदीतले नाव हळू आवाजात विचारील, आणि मग शस्त्रक्रियेविषयी बोलेल. वैद्यकीय महाविद्यालयांत हे शिकवले जावयास हवे. आणि शिक्षक म्हणून सांगतो, शाळांतही. दोन दिवसांच्या गैरहजेरीमागे काय असू शकते, हे मला कोणी शिकवले असते तर तो शेरा मी लिहिला नसता.

पुढच्या महिन्यात तो चौथ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. कोणीतरी वडीलधारे बरोबर असावे म्हणून त्याने मला बोलावले आहे, परंतु मी बाहेरच्या बाकावर बसावे असे आमचे ठरले आहे. संमतिपत्रावर ‘पती अथवा पालक’ अशी एक ओळ असते. ती तो कोरी ठेवणार आहे.