काविळीचा पाला आणि रक्ताची तपासणी



चुनखडीच्या रानात खोडव्याला केवडा पडला की आपण हिराकस फवारतो. पण पान पिवळे दिसले म्हणजे केवडाच असे नाही. पाणी साचले तरी ऊस पिवळा पडतो, नत्र कमी पडले तरी पडतो. म्हणून आधी कारण बघायचे, मग औषध. माणसाच्या काविळीत मात्र डोळे पिवळे दिसले रे दिसले की आपण पाला देणाऱ्याकडे धावतो.

जत भागात फेरीला गेलो की हे नेहमी दिसते. कुणी भुईआवळी वाटून ताकातून देतो, कुणी एरंडाच्या पाल्याचा रस पाजतो. "पंधरा दिवसांत उतरली की हो साहेब!" असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. दूषित पाण्याने होणारी 'ए' आणि 'ई' जातीची कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते. श्रेय मिळते पाल्याला.

'बी' आणि 'सी'ची गोष्ट वेगळी. यांचे विषाणू दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, रक्तातून, आईकडून बाळाला जातात. 'बी' शरीरसंबंधातूनही पसरते. डोळे पिवळे नसतानाही ते वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. आमच्या गटातील एका तोडणी मुकादमाने तीन वर्षे पाल्यावर काढली. पोटात पाणी झाल्यावर रक्त तपासले, तेव्हा 'बी' निघाली. आता गोळ्या चालू आहेत, पण आकसलेले यकृत पूर्ववत होणे कठीण.

मग भुईआवळी टाकाऊ का? तसे नाही. १९८८ साली मद्रासच्या डॉ. त्यागराजन व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये चाचणी प्रसिद्ध केली. भुईआवळी घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून 'बी'ची खूण गेली. नुसती भुकटी घेणाऱ्या २३ पैकी एकाचीच. मोठा गाजावाजा झाला. पण पुढे इतरत्र तसा निकाल मिळाला नाही. एका प्लॉटवर टनेज आले म्हणून आपण ऊसाची जात साऱ्या तालुक्याला देतो काय? संशोधन जरूर व्हावे, पण तोवर पाल्यावर जीव टाकू नये. झाडपाला निरुपद्रवीच असतो हेही खरे नाही. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली आहे.

सरकारच्या २०१८ सालच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. 'सी' बहुतेकांची १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते, 'बी' गोळ्यांनी ताब्यात राहते. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत 'बी'ची लस द्यावी.

माझे मत स्पष्ट आहे. गळीत सुरू होण्यापूर्वी कारखान्याने सभासद व तोडणी टोळ्यांसाठी रक्त तपासणी शिबीर घ्यावे. कुणाचा निकाल चारचौघांत सांगू नये, कुणाची उचल अडवू नये. एका ताटात जेवल्याने 'बी' किंवा 'सी' लागत नाही. ही भीती घालवली, तरच माणसे हात पुढे करतील.