दूरच्या दुःखाचे व्रत

शेजारच्या घराला आग लागली तर आपण हातचे काम टाकून धावतो. सातासमुद्रांपलीकडचे एखादे शहर धुळीस मिळाले तर सकाळच्या चहाबरोबर ती वार्ता वाचतो, घटकाभर हळहळतो आणि पान उलटतो. यात दुष्टपणा नाही. मनुष्याच्या करुणेचा पल्लाच तेवढा आहे. पण हा पल्ला प्रयत्नाने वाढविता येतो किंवा नाही? भूकंप, वादळे आणि महापूर यांच्या बातम्या वरचेवर छापण्याचे दुर्दैव ज्यांच्या वाट्यास आले आहे, त्या आम्हां वृत्तपत्रकारांस तरी हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्तर शोधताना आमची दृष्टी जगभर पसरलेल्या कॅथॉलिक समाजाकडे वळते. परदेशातील आपत्तीस हा समाज कसा प्रतिसाद देतो, त्यात घेण्यासारखे काय आणि उणे काय, याचा विचार आपण मराठी सुशिक्षितांनी एकदा निर्मळ मनाने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

हैतीचेच उदाहरण घ्या. १२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी पाच वाजावयास सात मिनिटे असताना कॅरिबियन समुद्रातील या गरीब देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स काही सेकंदांत कोसळली. भूकंपाची तीव्रता ७.० होती. माणसे किती दगावली हे निश्चितपणे कोणासही सांगता आले नाही; अंदाज एक लाखापासून हैती सरकारने सांगितलेल्या ३ लाख १६ हजारांपर्यंत जातात. सुमारे पंधरा लाख लोक उघड्यावर आले. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पडला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य कार्यालयाची इमारत पडली आणि कॅथॉलिकांचे कॅथेड्रलही पडले. आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो त्या दिवशी मृत्यू पावले. त्यांच्यासारखेच कित्येक धर्मगुरू, व्रतस्थ भगिनी आणि सेमिनरीतील विद्यार्थीही गेले. एका चर्चचा पार ढिगारा झाला, पण त्याच्या बाहेरचा भला मोठा क्रूस मात्र उभा राहिला. त्याचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. दुःखितांच्या मदतीस धावावयाचे ती ख्रिस्तसभाच येथे स्वतः आपद्ग्रस्त झाली होती.

तरीही मदत पोहोचली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी दुसऱ्याच दिवशी जगाला आवाहन केले. परंतु अशी आवाहने राजेरजवाडे आणि पुढारीही करतात. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती त्या आवाहनामागची व्यवस्था. रविवारी मिस्सेच्या वेळी चर्चमध्ये दानाची थाळी फिरते, हा कॅथॉलिकांचा नित्याचा शिरस्ता. कोठे मोठी आपत्ती ओढवली की बिशपांच्या सांगण्यावरून दुसरी थाळी फिरते. पहिली चर्चच्या खर्चासाठी, दुसरी आपद्ग्रस्तांसाठी. त्या जानेवारीत अमेरिकेतील धर्मग्रामांतून हैतीसाठी अशी दुसरी थाळी फिरली. तीत पैसे टाकणाऱ्या कित्येकांस हैती नकाशावर दाखविताही आला नसता. पण हात खिशाकडे गेला, कारण तो तसा जाण्याची सवय लहानपणापासून लावलेली होती.

या सवयीचा आणखी एक प्रकार तर आपद्ग्रस्तांच्या बातमीचीही वाट पाहत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात कॅथॉलिक कुटुंबे जेवणात काटकसर करतात. आफ्रिकेतील दुष्काळाच्या वार्ता ऐकून १९७५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ॲलनटाउन येथे, एक साधी पुठ्ठ्याची पेटी घरोघर देण्यात आली. साधे जेवण करावयाचे, जे वाचेल ते त्या पेटीत टाकावयाचे. 'राइस बोल', म्हणजे भाताचा वाडगा, असे तिचे नाव. पुढे ही पेटी देशभर गेली. तिच्यातील तीन चतुर्थांश रक्कम परदेशातील गरिबांकडे जाते आणि पाव हिस्सा त्याच धर्मप्रांतातील भुकेल्यांसाठी राहतो. जेवणाच्या मेजावर ठेवलेली ती पेटी पाहून एखादे मूल विचारते, हे कोणासाठी? येथून त्या मुलाचा भूगोल सुरू होतो, आणि नीतिशास्त्रही.

पैसा गोळा करणे हे निम्मे काम. तो पोहोचवावयाचा तर तिकडे आपली माणसे हवीत, आणि ती आपत्तीनंतर विमानातून उतरलेली असून भागत नाही. अमेरिकन कॅथॉलिकांची 'कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस' ही संस्था १९४३ साली युद्धपीडितांसाठी निघाली आणि १९५४ च्या वादळानंतर हैतीत गेली. भूकंप झाला तेव्हा तिला तेथे राहून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. 'कारितास' या नावाच्या राष्ट्रोराष्ट्रींच्या संस्थांचा संघ १९५१ पासून काम करीत आहे. हैतीची स्वतःची कारितास आहे, आणि १९६२ पासून भारताचीही आहे. गोदाम कोठे, रस्ता कोणता, कोणत्या वस्तीत कोण म्हातारी एकटी राहते, हे ज्यांस आधीच ठाऊक आहे त्यांच्या हातची मदत योग्य घरी जाते.

याच संदर्भात ब्राझीलच्या झिल्दा आर्न्स या बालरोगतज्ज्ञ बाईंचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्यांनी १९८३ साली आपल्या देशात एक चळवळ उभारली. गरीब वस्तीतील आयांनाच स्वयंसेविका करावयाचे, मुलांची वजने दरमहा घ्यावयाची, हगवण लागलेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी कसे द्यावे ते शिकवावयाचे. एवढ्या साध्या साधनांनी त्यांनी असंख्य बालके मरणाच्या दारातून परत आणली. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी हेच काम समजावून देण्यासाठी त्या हैतीत गेल्या होत्या आणि भूकंपात चर्चच्या इमारतीत सापडून गेल्या. संकटाच्या बातमीने त्यांस तेथे नेले नव्हते. हैतीतील मुलांची रोजची उपासमार हीच त्यांच्या लेखी पुरेशी मोठी आपत्ती होती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ईश्वर दयाळू असेल तर हे होतेच कसे? हा प्रश्न श्रद्धावंतास नास्तिकाहून अधिक जाचतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे माणसांनी भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. व्हॉल्टेअरने त्या निमित्ताने साऱ्या आशावादी तत्त्वज्ञानास धारेवर धरले. उलट मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने सांगितले की, हा लिस्बनच्या पापांबद्दलचा दैवी दंड आहे. पोर्तुगालचे प्रधान पोंबाल यांनी मात्र प्रत्येक धर्मग्रामास एक प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, भिंती कोणत्या बाजूस पडल्या, माणसे किती गेली? गावोगावच्या धर्मगुरूंनी तिची उत्तरे लिहून पाठविली आणि भूकंपशास्त्राचा पाया घालण्यास हातभार लावला. एकाच धर्माच्या एका झग्यातील मनुष्य कोप सांगत होता आणि दुसरा पडझड मोजत होता.

यावर आपण हसण्याचे कारण नाही. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असे खुद्द गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी त्याचा निषेध केला, आणि गांधीजींचा मोठेपणा असा की तो निषेध त्यांनी आपल्या 'हरिजन' पत्रात छापला. २०१० सालीही पॅट रॉबर्टसन या अमेरिकन प्रोटेस्टंट प्रवचनकाराने हैतीवासीयांच्या पूर्वजांनी सैतानाशी करार केला होता, असे दूरचित्रवाणीवर सांगितले. वस्तुतः ख्रिस्ती शास्त्रातच याचे खंडन आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे येशूने स्पष्ट सांगितल्याचे शुभवर्तमानात नमूद आहे. आपल्याच ग्रंथातील हे वचन पचविण्यास त्याच्या अनुयायांना किती शतके लागली!

पण ते पचले, याची एक साक्ष अलीकडची आहे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलिपाइन्समध्ये हैयान वादळाने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. १७ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस त्या विध्वंसाच्या केंद्रस्थानी, ताक्लोबान येथे गेले, तेव्हाही वादळी पाऊस कोसळत होता. लोकांनी घातले होते तसलेच पिवळे प्लॅस्टिकचे पावसाळी आवरण अंगावर घेऊन ते वेदीवर उभे राहिले. लिहून आणलेले प्रवचन त्यांनी बाजूस ठेवले. सर्वस्व गमावलेल्यांस काय सांगावे हे आपणांस कळत नाही, आपण केवळ मूकपणे त्यांच्या सोबत आहोत, अशा आशयाचे ते बोलले. मालाग्रिदापासून या मौनापर्यंतचा प्रवास लहान नाही. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस निवर्तले. त्यांचे अनेक शब्द लोक विसरतील, हे मौन विसरणार नाहीत.

येथे आपल्याकडील एक शंका हमखास पुढे येते: या दयेच्या आड धर्मांतराचा गळ नाही ना? गोवा आणि वसई यांचा पोर्तुगीज अमदानीतील इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही शंका यावी, यात नवल नाही. शंकेस उत्तर आचरणाने द्यावे लागते. १९९४ साली रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी आपत्तिनिवारणाची जी आचारसंहिता प्रसिद्ध केली, तिच्या पुरस्कर्त्यांत कारितास आणि कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस या दोन्ही होत्या. मदत केवळ गरज पाहून द्यावी आणि तिचा उपयोग कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, असे ती संहिता बजावते. या कसोटीवर त्यांस अवश्य घासावे. मात्र तीच कसोटी आपल्या लोकांनी चालविलेल्या मदतकेंद्रांनाही लावावी. भुकेल्यास भाकरी देताना त्याची जात विचारणारा आणि धर्म विचारणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी.

आम्हांस खरे उणे दिसते ते निराळ्या ठिकाणी. हैतीनंतर दीड महिन्याने, २७ फेब्रुवारी २०१० रोजी, चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तो हैतीच्या भूकंपाहून कित्येक शेपटींनी प्रबळ होता, पण तेथे मृत्यू सुमारे सव्वापाचशे झाले. हा फरक भूगर्भाने केला तितकाच तो माणसांनीही केला. चिलीत बांधकामाचे कायदे होते आणि ते पाळले जात होते. हैतीत निकृष्ट काँक्रीटची घरे एकमेकांवर रचली होती. ज्या गुलामांनी बंड करून १८०४ साली हे राष्ट्र स्थापिले, त्यांच्याकडून फ्रान्सचा कॅथॉलिक राजा दहावा चार्ल्स याने १८२५ साली १५ कोटी फ्रँकांची भरपाई मागितली. ती पुढे ९ कोटींवर आली, पण तीपायी काढलेल्या कर्जांचे ओझे १९४७ पर्यंत त्या देशाच्या मानेवर राहिले. एवढ्यानेही दशावतार संपले नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून पटकीची साथ पसरली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. शतकभर न्याय नाकारावयाचा आणि मग एका रविवारी थाळी फिरवावयाची, याने हिशेब फिटत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली राष्ट्रांच्या विकासावरील आपल्या पत्रकात हेच बजावले होते. थाळीत पैसे टाकणाऱ्यांनी हा देश एवढा दरिद्री का, हेही विचारले पाहिजे. काहींनी ते विचारले; बहुसंख्यांनी नाही.

मग आपण? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा दूरदूरचे हात आपल्याकडेही मदत घेऊन आले होते. त्या ऋणाची आठवण आपण ठेवली काय? आपली दया पुराच्या लोंढ्यासारखी येते आणि तशीच ओसरते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेस पडून राहिले. ते कोणी घेईनात. कपाट रिकामे करण्यास आपण दान समजलो होतो.

हे आपल्या परंपरेस साजेसे नाही. एकेक पैसा जमवून 'पैसा फंडा'ने १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना काढला. घराघरांतून रोज बाजूस काढलेल्या मूठभर धान्यावर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले जेवली. पुठ्ठ्याची ती पेटी आणि आपला मुष्टिफंड ही सख्खी भावंडे आहेत. वसईचे मराठीभाषी कॅथॉलिक आजही उपवासकाळातील हे दान पाळतात. त्यासाठी आपणांस त्यांचा धर्म घ्यावयाचा नाही, शिस्त तेवढी घ्यावयाची आहे.

पुढचा भूकंप कोठे होईल हे कोणीही सांगू शकत नाही. तो होणार, एवढे निश्चित. ती बातमी येईल त्या सकाळी आपल्या घरात एखादी पेटी आधीच अर्धी भरलेली असावी, आणि ती कोणाकडे धाडावयाची हे घरातील लहान मुलासही ठाऊक असावे. तसे झाले तर आपण ते पान उलटू, पण रिकाम्या हाताने नव्हे.